एकशे बारा प्रांतांची रजा

३ जून १६८८. तिजोरीत ४१,२१६ मोहरा.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हे दोन आकडे होते तेव्हा घरच्या घड्याळात दुपारचे बारा चाळीस झाले होते. नकाशा बंद कसा करायचा ते मास्तरांना सापडत नव्हतं. त्यांनी कीबोर्डवरचं सगळ्यात लांब बटण एकदा दाबून पाहिलं, काही बंद होत नाही म्हणून खुर्ची मागे सारली आणि ते जेवायला गेले. जेवण झालं, वर्तमानपत्र वाचता वाचता डोळा लागला. दोन वाजून दहा मिनिटांनी ते परत आले तेव्हा स्क्रीनवर १९ ऑक्टोबर १६९९ ही तारीख होती, तिजोरीत २,९०४ मोहरा उरल्या होत्या आणि चीनच्या नकाशावर नऊ ठिकाणी लाल रंगाची वळलेली मूठ दिसत होती.

मास्तरांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ज्याची अडतीस वर्षं बस डेपोत गेली, त्याला वळलेली मूठ कळते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. डेपोत कोणता ड्रायव्हर कोणत्या दिवशी कोणती गाडी नेणार, हे लिहिणारा तो ड्यूटीमास्तर. शहाण्णव गाड्या, दोनशे चौदा ड्रायव्हर. गुरुवारी पेन्सिलीने चार्ट मांडायचा, शुक्रवारी शाईने पक्का करायचा, शनिवारी सकाळी काचेच्या फलकात लावायचा. इतक्या वर्षांत शनिवार चुकला नाही आणि रजाही घेतली नाही. निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा कचेरीला शोध लागला की या माणसाच्या खात्यात ढीगभर रजा पडून आहे. साहेबांनी हुकूम काढला: एकवीस दिवस घरी बसा. मास्तर घरी बसले, म्हणजे पहिले दोन दिवस खिडकीतून जाणाऱ्या बसचे नंबर मोजत बसले.

तिसऱ्या दिवशी पेन्शनचा फॉर्म भरायला ते मुलीच्या कॉम्प्युटरसमोर बसले. मुलीला घरात ठकी म्हणत. वय एकतीस, काम मोजणीचं. दूर डोंगरात एका नदीवर पूल होत होता, तिथे ती दुर्बीण लावून खांबांची जागा मोजायची. वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी. निघताना ती दारात बूट घालता घालता म्हणाली होती, "बाबा, फॉर्म भरा, गाणी ऐका, काय हवं ते करा. फक्त चीनला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू? चीनने माझं काय घोडं मारलंय?"

आणि आता फॉर्मच्या चित्राशेजारच्या ड्रॅगनच्या चित्रावर बोट पडलं, आणि हे झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, "अहो, एवढे गप्प का? फॉर्म उडाला का?"

"अगं, चीन पेटलाय."

"पेटू दे. चहा ठेवू का?"

मास्तरांनी पुन्हा ते लांब बटण दाबलं. तारीख थांबली. मग टेबलाच्या खणात त्यांना मुलीची वही सापडली, आणि चहा गार झाला.

वही लांबट, पुठ्ठ्याची. पहिल्या पानांवर चार जुन्या चीनांचे मृत्यू नोंदवले होते. 'पहिला चीन: १४४९ ला गेला. दुष्काळात कर वाढवला. मूर्खपणा.' 'दुसरा: १५०८. सगळ्या फौजा सीमेवर, घर उघडं.' 'तिसरा: १६२७. सतरा बंडं एकदम. रडले.' 'चौथा: १६३८. जेवायला गेले, थांबवायचं विसरले. आईला सांगू नये.' ही चौथी ओळ मास्तरांनी दोनदा वाचली. त्यांना हसू आलं, आणि हसण्यासारखी वेळ नाही हे आठवून ते थांबलं.

पाचवा चीन तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सुरू झाला होता. वरती नियम लिहिले होते. राज्य १४०० साली हातात येतं, ते १८०० पर्यंत टिकवायचं. प्रत्येक प्रांताचा असंतोष शून्य ते दहा, दहा झाला की मूठ, म्हणजे बंड. राजाला राज्य करायचा जो अधिकार, त्याचं नाव स्वर्गाचा कौल. तो शंभरपैकी मोजतात, आणि बंड जिंकलं की तो घसरतो. शेवटचा नियम तिने लाल शाईने लिहिला होता: 'हा कठीण प्रकार मी मुद्दाम निवडलाय. खेळ स्वतःला दर महिन्याला जतन करतो, जुन्यावर नवं. मागे जाता येत नाही. कौल शून्य झाला की सगळं पुसलं जातं.'

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. वहीत शेवटचा कौल एक्क्याऐंशी होता. स्क्रीनवर चौतीस होता.

मग ते वाचतच गेले. १४५२: नदीने पात्र बदललं, सहा प्रांत बुडाले, ठकीने धान्याची कोठारं उघडली. १५१७: लाच खाणारा मंत्री हाकलला, त्याचा भाऊ उलटला, त्याला दूरच्या बेटाचा कारभारी केलं. १५७०: तीन वर्षं पाऊस नाही, तरी बंड नाही. दोनशे अठ्ठ्याऐंशी वर्षांची एकेक ओळ, बारीक अक्षरात, खाडाखोडीसकट. त्यांनी एका प्रांतावर बाण नेला. खाली आकडा उमटला: माणसं, अडतीस लाख. एका प्रांतात! असे एकशे बारा. दोनशे चौदा ड्रायव्हर सांभाळतो म्हणून ज्यांची मान ताठ, ते मास्तर त्या आकड्यांसमोर शाळेतल्या पोरासारखे बसून राहिले. आपली मुलगी रविवारी दार लावून हे करत होती. आणि आपण दारावरून जाताना म्हणायचो, एवढी मोठी घोडी झाली तरी खेळ सुटत नाही.

आता सतरा दिवसांत ती परत येणार होती. नुसतं थांबवून ठेवलं तर तिच्या हाती नऊ मुठी आणि चौतीसचा कौल पडणार, म्हणून तोवर हे राज्य सावरायचं. मेलं तर तिची तीन वर्षं पुसली जाणार, आणि पुसणारा हात बापाचा.

ठकीच्या फौजा सात होत्या आणि तिने त्यांना घरचीच नावं दिली होती. 'थोरली आत्या: नुसती जाऊन उभी राहिली की पुरतं.' 'धाकटा काका: उशिरा पोचतो, पण पोचतो.' 'आई: एकदा जाऊन आली की त्या प्रांतात दहा वर्षं कुणी चूं करत नाही.' डॉक्टर, हेडबाई आणि गॅसवाला हेही होते. सगळ्यात शेवटी: 'बाबा: चाळीस हजार. राजधानीत. हलवू नये.'

मास्तरांनी मागची पानं चाळली. आत्या एकतीस लढाया लढली होती. गॅसवालासुद्धा नऊ. बाबा एकही नाही. दोनशे अठ्ठ्याऐंशी वर्षं एका जागी.

"म्हणजे आम्ही नुसते बसून खातो," ते पुटपुटले.

त्यांना लागलंच ते. आणि मग त्यांच्या हातून अशी चूक झाली, जी फक्त ड्यूटीमास्तरच करू शकतो. त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टी घेतली, आणि फौजांना आळीपाळी लावली. दर सहा महिन्यांनी प्रत्येक फौज पुढच्या प्रांतात. कायमचा खडतर रूट कुणालाच नको. बाबांची फौजही त्यांनी दक्षिणेला काढली, कारण डेपोत बसून पगार खाणारा ड्रायव्हर त्यांनी कधी ठेवला नव्हता. चार्ट इतका देखणा झाला की त्यांनी तो शाईने पक्का केला.

पण फौजा म्हणजे बस नव्हे. एका प्रांतातून दुसऱ्यात पोचायला त्यांना चार चार महिने लागत. वर्षातले आठ महिने सगळी सेना रस्त्यात. जिथून आत्या निघायची, तिथे तिची पाठ वळताच मूठ. मार्च १७०२ मध्ये खुद्द राजधानीवर मूठ उगवली, तेव्हा बाबा दक्षिणेत एका पुलावरून चालत होते. राजधानी पडली. कौल चौतीसवरून अकरावर आला, तिजोरीत तीनशे अठरा मोहरा. आगीतून फुफाट्यात.

मास्तरांनी तारीख थांबवली आणि दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

रविवारी ठकीचा फोन आला. पुलाच्या जागी रेंज नसायची, ती टेकडीवर चढून बोलायची.

"बाबा, आई म्हणते तुम्ही परवापर्यंत दिवसभर कॉम्प्युटरपुढे होतात. केवढा फॉर्म आहे तो?"

"मोठा आहे."

"म्हणजे किती?"

"एकशे बारा कलमं आहेत."

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला. "बरं," ठकी म्हणाली, "सावकाश भरा."

सोमवारी सकाळी मास्तर डेपोत गेले. कँटीनच्या शेवटच्या बाकावर भोंगा बसला होता. भोंगा म्हणजे ड्रायव्हरांचा पुढारी. आवाज असा की गेटवर बोलला तर वर्कशॉपमधले हातोडे थांबत. त्याने डेपोत दोनदा संप पुकारला होता. पहिला अकरा दिवस चालला. दुसरा, नऊ वर्षांपूर्वीचा, एका सकाळीच विरला, आणि तो का विरला हे मास्तरांना कधी उमगलं नव्हतं.

"भोंग्या, एक खरं सांग. संप करायचा हे तुम्ही कधी ठरवता?"

भोंग्याचा कप ओठांपाशीच थांबला. "मास्तर, चार महिन्यांत सुटणार तुम्ही. आता हेरगिरी?"

"डेपोचं नाही विचारत. चीनचं विचारतोय."

भोंग्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "रजा मानवत नाही काही जणांना," तो म्हणाला.

मास्तरांनी सगळं सांगितलं. भोंगा आधी हसला, मग कोपर टेकून ऐकू लागला. बंडाची बाजू त्याला चटकन समजली, ती त्याची नेहमीचीच.

"फौज फिरवताय? अहो, पोलिसांची गाडी चक्कर मारून गेली म्हणून आम्ही कधी गेट सोडलंय? गाडी गेली की परत जागेवर! गेटवर जो एक म्हातारा हवालदार खुर्ची टाकून बसायचा ना, त्याचंच ओझं वाटायचं. तो काही करायचा नाही. पण तो असायचा."

"आणि दुसरा संप का मोडला? मी तर काहीच केलं नव्हतं."

"केलं नव्हतं?" भोंग्याने कप आपटला. "अहो, घोषणा द्यायला मी टेबलावर चढलो. खिशात तुमचा चार्ट. माझ्या पोरीचं बाळंतपण त्याच आठवड्यात, मी अर्जसुद्धा दिला नव्हता, आणि माझ्या नावापुढे तीन दिवस रजा तुम्ही आधीच लिहून ठेवलेली! माझ्यासारखे आणखी बावीस जण होते. कुणाच्या बापाचं ऑपरेशन, कुणाचं घर बदलायचं. आता बोंबलायचं कुणाच्या नावाने? तोंड उघडलं तर शब्द येईना. मला भोंगा म्हणतात, मास्तर, आणि आवाज फुटेना!"

मास्तर गोंधळले. "अरे, तो चार्ट तसा नीट बसत होता, म्हणून रजा लावली होती मी."

"ते मला नका सांगू. नऊ वर्षं मी तुम्हाला देवमाणूस समजतोय."

मास्तर घरी आले ते जवळजवळ धावतच. त्यांनी चार मोठे कागद चिकटवून भिंतीवर लावले. एकशे बारा प्रांत, आठ रकाने. दर वर्षी चौदा प्रांतांना कराची पूर्ण माफी, म्हणजे रजाच, आठ वर्षांत सगळ्यांचा फेरा पुरा. पहिली पाळी कुणाची? मुठी वळलेल्यांची नव्हे, ते तर मागायला उठलेच होते. सात-आठवर पोचलेले, अजून तोंड न उघडलेले, ते आधी. सहा फौजा सहा ठिकाणी नेऊन नुसत्या उभ्या केल्या. बाबांना माघारी बोलावलं. चार महिन्यांच्या वेढ्यानंतर राजधानी परत मिळाली आणि बाबांनी तिथे पुन्हा खुर्ची टाकली.

पैशाचं सोंग मात्र आणता येत नाही. चौदा प्रांतांचा कर बुडाला, सैन्याचा पगार थकला. शेजारच्या कोरियाच्या राजाकडून बाराशे मोहरा कर्जाऊ घ्याव्या लागल्या. जन्मात मास्तरांनी हप्त्यावर पंखासुद्धा घेतला नव्हता.

खेळ एक महिना पुढे सरकवायचा, थांबवायचा, आकडे उतरवायचे. दुसऱ्या दिवशी बायको इस्त्रीचे कपडे घेऊन तिथेच येऊन बसली. चष्मा तिचा चांगला होता, म्हणून नंबर ती वाचू लागली.

"सत्तावीस नंबर, सहा. अठ्ठावीस, पाच. तेहतीस, आठ. अहो, या तेहतीसला द्या ना सुट्टी, बिचारा कधीचा आठवर बसलाय."

"त्याची पाळी पुढच्या वर्षी आहे."

"माणसासारखं वागा जरा. पुढच्या वर्षापर्यंत टिकायला नको?"

मास्तरांनी शाईतलं नाव खोडून तेहतीस वर घेतला. शाईवर काट मारायची त्यांची ती पहिलीच वेळ.

नोव्हेंबर १७०४ मध्ये दक्षिणेतले तीन बंडखोर प्रांत एक झाले. साठ हजारांची त्यांची फौज उत्तरेला, राजधानीकडे निघाली. राजधानीत बाबा चाळीस हजार. वाटेतलं एक शहर पडलं आणि कौल सहावर आला. मास्तरांची पाचावर धारण बसली. आत्याला बोलवावं, काकाला बोलवावं, निदान बाबांना पुढे काढून नदीवर अडवावं. बाण त्यांनी बाबांच्या फौजेवर नेलासुद्धा.

"हलवू नये असं लिहिलंय ना पोरीने?" बायको इस्त्री उभी करून म्हणाली.

मास्तरांनी हात मागे घेतला.

बंडखोरांना राजधानीपर्यंत पाच प्रांत ओलांडायचे होते. वहीत लिहिलेलं होतं की बंडाची फौज ज्या प्रांतातून जाते, तिथली नाराज माणसं तिला मिळतात. म्हणूनच साठाचे लाख होतात आणि राज्यं बुडतात. पण हे पाचही प्रांत त्या वर्षी रजेवर होते. पहिल्या प्रांतात एकही माणूस मिळाला नाही. फौज एक्कावन्न हजार झाली. दुसऱ्यात धान्य मिळालं नाही: त्रेचाळीस. लोक रांग सोडून घरी जात होते. चौतीस. बायकोने वाचणं थांबवलं, दोघं नुसतं बघत राहिली. सव्वीस. राजधानीच्या वेशीवर पोचले तेव्हा एकोणीस हजार उरले होते आणि समोर बाबा उभे होते. लढाई झालीच नाही. ती लाल मूठ हळूच उघडली आणि नकाशावरून विरून गेली.

मास्तरांनी चष्मा काढला. बंद खोलीत, टेबलफॅनच्या आवाजात, त्यांच्या अंगावर काटा आला होता. कोट्यवधी माणसं, आणि त्यांच्यातल्या कुणीतरी फक्त पायाखालची वाट बदलली, म्हणून एक राज्य उभं राहिलं.

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, "हे एवढं सगळं ती एकटी सांभाळत होती?"

मार्च १७११ मध्ये शेवटची मूठ गेली. कौल एकोणतीस. मास्तरांनी खेळ तिथे थांबवला, खोली झाडली, वही खणात ठेवली. चार्ट काढायचा मात्र राहिला.

ठकी शनिवारी सकाळी आली, बुटांना चिखल. पाठीवरची पिशवी न उतरवताच ती भिंतीसमोर उभी राहिली.

"बाबा, ही एकशे बारा कलमं?"

"ठकी, मी जेवायला गेलो आणि..."

"थांबवायचं विसरलात."

"थांबलेलं होतं ते. मीच सुरू केलं."

ती खुर्चीत बसली आणि खेळातला इतिहास मागून पुढे वाचू लागली. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. १७०२ पाशी ती "अरे देवा" म्हणाली. १७०४ पाशी थांबली. ते पान तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कौल सहावर गेला होता," ती शेवटी म्हणाली. "बाबा, सहावरून परत येत नाही. मी तीन वर्षं हा खेळ खेळणाऱ्यांचं लिहिलेलं वाचतेय. सहावरून कुणीही परत आलेलं नाही."

"मला कुठे माहीत होतं? कुणी सांगितलं नाही मला."

ठकी उठून चार्टपाशी गेली. एका रकान्यावरून बोट फिरवत खाली आली, मग दुसऱ्या. "न मागता द्यायची," ती स्वतःशीच म्हणाली. "मी सगळ्यांना मागितल्यावरच देत होते."

मास्तरांना राहवलं नाही. "एक विचारू? ती माझ्या नावाची फौज. इतकी वर्षं तिला नुसतं बसवून ठेवलंस."

"बसवून?" ती वळली. "बाबा, दुसरा चीन मी कशाने घालवला ते वाचलंत ना? सगळ्यांना बाहेर पाठवलं, घरात कुणी नाही. या वेळी बाकीच्या सहांना मी हवं तिथे पाठवू शकले, कारण मागे तुम्ही होतात. तिकडे पुलावर वीस वीस दिवस असते ना मी, तशी." मग तिचे डोळे बारीक झाले. "आणि ती तुम्ही हलवलीत?"

"एकदाच."

"मग?"

"राजधानी गेली."

"हं," ठकी म्हणाली, आणि तिने पिशवी उतरवली. आतून आईने विचारलं की बूट बाहेर काढलेत का. नव्हते काढले. बुटांसकटच ती पुन्हा स्क्रीनकडे वाकली. तिजोरीच्या आकड्याखाली एक बारीक लाल ओळ होती.

"आणि हे काय, बाबा?"

"कोरियाच्या राजाकडून बाराशे घेतल्या होत्या. नऊशे साठ फेडल्या."

दोनशे चाळीस मोहरा अजून द्यायच्या आहेत.